शनिवारची मोटार

५ मार्च १९३८ ते ९ एप्रिल १९३८ या काळात सहा शनिवार आले. त्यांपैकी पाच शनिवारी सकाळी आमची मोटार सुरू झाली नाही. उरलेल्या सर्व दिवशी ती कळ दाबताक्षणी सुरू झाली.

मी म्हैसुरात एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमचे घर लष्कर मोहल्ल्यात आहे. पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते आणि वडील तुकोजीराव त्याच घोडदळातून जमादार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे घरात यंत्रापेक्षा घोड्याची प्रतिष्ठा अधिक आहे. घोडा मेला तर सर्वांना कळते, मोटार मेली तर ती मेली आहे की झोपली आहे हे मालकालाही सांगता येत नाही, असे आबांचे मत आहे. पहिल्या शनिवारपर्यंत मी ते हास्यास्पद मानत होतो.

मोटार घेण्याचे कारण ऐषाराम नव्हे. आमची थोरली तुळसी चार वर्षांपूर्वी इस्पितळाच्या वाटेवर जन्मली. जटक्याचे, म्हणजे टांग्याचे, चाक निसटले आणि एका नाचणीच्या व्यापाऱ्याच्या ओसरीवर, पोत्यांच्या आडोशाने, तिने या जगात प्रवेश केला. माझी पत्नी वनजा त्या प्रसंगाविषयी फार बोलत नाही. मात्र घरात नाचणीची भाकरी तेव्हापासून बंद आहे. यंदा सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की मूल आडवे आहे. कळा सुरू झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत वनजा इस्पितळात हवी. उशीर झाला तर दोघांपैकी कोणाचीच हमी देता येणार नाही. हे वाक्य त्यांनी इंग्रजीत, शांतपणे आणि हात पुसता पुसता उच्चारले. त्या दिवसापासून आमच्या मोटारीचे सुरू होणे हा माझ्या दृष्टीने केवळ यांत्रिक प्रश्न राहिला नाही.

मोटार जुनी होती. चिदंबरय्या नावाच्या गृहस्थांनी ती विकली आणि ते काशीला निघून गेले. त्यानंतर त्यांचे पत्र आले नाही. त्यांची पत्नी नागरत्ना उत्तम गात असे. तिच्यासाठीच त्यांनी मोटारीत रेडिओ बसवून घेतला होता. यंत्राची लोखंडी पेटी पायांच्या वरच्या बाजूला, आणि सुकाणूच्या दांड्यावर पितळी कडे असलेली एक वाटोळी चकती. चकतीच्या मधोमध एकच तपकिरी बटण. उजवीकडे फिरवले की टिक असा आवाज होऊन यंत्र चालू, आणखी फिरवले की आवाज मोठा, डावीकडे उलट. संध्याकाळी गावातल्या नभोवाणी केंद्राचे दोनेक तास गाणे त्यावर लागे. नागरत्नाबाई रोज तिन्हीसांजेला केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळून फिरायला निघत आणि रेडिओबरोबर गात, असे शेजारी सांगत. त्या मूलबाळ न होता वारल्या. विक्रीच्या कागदपत्रांत या तपशिलाची नोंद असण्याचे कारण नव्हते. परंतु लष्कर मोहल्ल्यात कागदपत्रे वाचतो कोण?

पहिल्या शनिवारी मी कळ दाबली आणि काहीही झाले नाही. काहीही म्हणजे अक्षरशः काहीही नाही, भोंगासुद्धा निःशब्द. शेजारचे निवृत्त अमलदार तिरुमलराव तत्काळ कुंपणापाशी हजर झाले. मला ते कानडी पद्धतीने 'मेष्ट्रे', म्हणजे मास्तर, म्हणत.

"मेष्ट्रे, हँडल मारा की! समोरून घुमवायचं. माझ्या मेव्हण्याची मोटार रोज तशीच उठते."

मी त्यांना समजावून सांगितले की ठिणगीसाठीसुद्धा वीज लागते, आणि बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर हँडल मारण्याने फक्त मारणाऱ्याचा व्यायाम होतो.

"हौदु, हौदु," ते मान डोलावीत म्हणाले. "पण स्वल्प मारून बघा."

मी स्वल्प मारून पाहिले. माझे मनगट सुजले. मग आबांनी गल्लीतले सहा जण गोळा केले, त्यांना उंचीप्रमाणे उभे केले आणि "कदम... ढकल!" अशी आज्ञा दिली. मोटार उतारावरून मोठ्या शिस्तीने खाली गेली आणि उताराच्या टोकाशी तितक्याच शिस्तीने थांबली. ती परत वर आणण्याच्या प्रश्नाचा आबांच्या व्यूहरचनेत विचार झालेला नव्हता.

बॅटरी काढून मी ती बैलगाडीतून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेली. तिथे भांडारपाल मनोहरराव यांच्याशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला. आम्ही एकमेकांपासून आठ फुटांवर बसत असू, तरीही पत्रव्यवहारच. खासगी बॅटरी सरकारी विजेवर भरायची तर अर्जात शैक्षणिक प्रयोजन लिहावे लागते. मी लिहिले : "एका अनाकलनीय विसर्गाचा अभ्यास." अर्ज शेरा मारून परत आला : "अनाकलनीय म्हणजे किती अँपिअर, ते नमूद करावे." ते मला ठाऊक असते तर ते अनाकलनीय राहिले नसते, असे मी उत्तरात नम्रपणे निदर्शनास आणले. दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा तीच बॅटरी घेऊन उभा राहिलो तेव्हा मनोहररावांनी चष्मा वर केला आणि आवाज खाली आणला.

"भुजंगराव, फॉर्मात 'मालकाचे नाव' असा रकाना आहे. तुमचं लिहू, की त्या नागरत्नम्मांचं?"

बातमी महाविद्यालयात पोहोचली होती.

दुसरा शनिवारही पहिल्यासारखाच गेला. आता घरात निदान ठरले. "शनिवार म्हणजे कुणाचा वार? शनीचा," आबा म्हणाले. "लोखंड कुणाचं? शनीचं. तेल कुणाचं? शनीचं. तू लोखंडाच्या पेटीत तेल घालून घरात आणलंस, भुजंगा, आणि आता विचारतोस काय झालं म्हणून!"

आईचे, म्हणजे गोदावरीबाईंचे, मत निराळे होते, पण ते ती सांगत नव्हती. दसऱ्याला आयुधपूजेच्या दिवशी माझ्या मोटारीवर हळद-कुंकवाचे लेप देण्यास मी मनाई केली होती. ओलसर लेप आणि विजेची जोडणी यांचे सख्य नसते. तेव्हापासून तिने मोटारीत पाऊल ठेवले नव्हते. "मेलेल्या बाईची गाडी," एवढेच ती म्हणे, आणि वनजाच्या पोटाकडे पाही.

मी शास्त्रीय पद्धतीने निघालो. प्रथम संशय रेडिओवर. तो सात अँपिअर वीज खातो, आणि चालू राहिला तर नव्वद अँपिअर-तासांची बॅटरी रात्रीत संपवू शकतो. परंतु शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मी स्वतः बटण तपासले होते : बंद. शनिवारी सकाळी सहा वाजता पुन्हा तपासले : बंद. घरातल्या प्रत्येकाला मी स्वतंत्रपणे विचारले, "रेडिओ लावलात काय?" आबांनी त्या डब्याला कधी हात लावणार नाही असे तलवारीकडे बोट दाखवून सांगितले. वनजा म्हणाली, "मला मोटारीत चढायला दोन माणसं लागतात, मी गुपचूप कशी लावेन?" आईने माझ्याकडे थेट पाहत सांगितले, "मी जन्मात कधी रेडिओ लावला नाही." मी रेडिओला निर्दोष ठरवले.

शुक्रवारी पाच वाजता मी विद्युन्मापक जोडला. काटा शून्यावर. शनिवारी सकाळी सहाला काटा शून्यावर, आणि बॅटरी मेलेली. म्हणजे वीज न वाहता नाहीशी झाली. पदार्थविज्ञानात अशा घटनेला जागा नाही. मी अंगणात उभा राहून दात घासत होतो आणि प्रथमच मला त्या मोटारखान्याकडे पाठ करून उभे राहणे नकोसे वाटले.

आणखी एक गोष्ट मी वहीत नोंदवली, पण कोणास सांगितली नाही. शनिवारी सकाळी मोटारीचे दार उघडले की आत मल्लिगेचा वास येई. मंद पण निःसंशय. नुकतीच कोणी तिथून उठून गेल्यासारखा. आसनावर फूल नाही, पाकळी नाही. रविवारपासून वास नाही. घ्राणेंद्रिय हे विश्वासार्ह उपकरण नव्हे, असे मी वहीत पुढे लिहिले. ते वाक्य मी दोनदा लिहिले आहे, हे नंतर लक्षात आले.

गाण्याची हकीकत प्रथम वनजाने सांगितली. तिची खोली मोटारखान्याला लागून आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी मी घरी नसतो. त्या वेळी जयलक्ष्मीपुरमला आमच्या विज्ञान मंडळाची बैठक असते. मी तिचा चिटणीस असून तिथे सायकलने जातो, कारण मंडळाचे अध्यक्ष मोटारीला बौद्धिक शैथिल्याचे लक्षण मानतात.

"अहो," वनजा म्हणाली, "दिवे लागले की भिंतीतून बाई गाते. अगदी हळू. विहिरीच्या तळाशी बसून गावं तशी."

"तिरुमलरावांच्या घरी रेडिओ आहे. वारा पश्चिमेचा असला की—"

"त्यांचा रेडिओ पूर्वेला आहे."

मी तिरुमलरावांना पुढच्या शुक्रवारी त्यांचा रेडिओ बंद ठेवण्याची विनंती केली. त्यांनी तो बंद ठेवला, आणि पत्नीसह खुर्च्या टाकून कुंपणापाशी बसले. मी साडेआठला परतलो तेव्हा त्यांचा चेहरा ताप आलेल्या माणसासारखा झाला होता.

"गायल्या, मेष्ट्रे. नागरत्नम्माच. मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय की हो! तोच गळा. मध्ये थांबल्या, मग बातम्या सांगितल्या, मग पुन्हा गायल्या."

"नागरत्नाबाईंनी बातम्या सांगितल्या?"

"मेल्यावर काय काय करावं लागतं, आम्हाला काय ठाऊक?" तिरुमलरावांच्या पत्नी आतून म्हणाल्या.

येथे कोणताही सुज्ञ वाचक विचारील की बातम्यांचा उल्लेख ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही. पडला होता. परंतु पाच वाजता बटण बंद होते आणि सहा वाजता बटण बंद होते. जी वस्तू दोन्ही टोकांना बंद आहे ती मध्ये चालू होती असे मानायचे तर चालू करणारा आणि बंद करणारा हात मानावा लागतो; आणि घरातील सर्व हातांनी नकार दिलेला होता. शेजारपाजाऱ्यांना मात्र असा हात मानण्यास काही अडचण नव्हती. त्यांनी तो आधीच मानला होता, बांगड्यांसह.

तिसऱ्या शुक्रवारी मी बॅटरीच काढून ओसरीवर ठेवली. त्या शनिवारी, बॅटरी परत बसवल्यावर, मोटार सुरू झाली. एवढ्यावर समाधान मानावे असे आबा म्हणाले. परंतु बॅटरी चालकाच्या पायांखालच्या फळ्यांखाली बसते. ती जोडायला मला वीस मिनिटे लागतात. डॉक्टरीणबाईंनी एकूण तीस दिली होती. शिवाय काळ जवळ आला होता. शुक्रवार सोडून कळा येतील असा करार कोणी केलेला नव्हता.

पाचव्या शुक्रवारी, एक एप्रिलला, मंडळाची बैठक लवकर आटोपून मी पावणेसातला परतलो. अंगणात उजेड मावळत होता. सायकल टेकवली, आणि मला गाणे ऐकू आले.

स्त्रीचा आवाज. मोटारखान्याच्या बंद दाराआडून. शब्द लागत नव्हते. सूर तेवढा फळ्यांच्या फटींतून पाण्यासारखा झिरपत होता. तिरुमलरावांच्या घरी दिवा नव्हता, ते गावाला गेले होते. मी दाराच्या कुलपावर हात ठेवला. लोखंड गार होते. आतला आवाज एका सुरावर थांबला, बराच वेळ थांबला, आणि मला असे वाटले की आतल्या कोणीतरी माझी चाहूल घेतली आहे. मी घड्याळ काढून नाडी मोजली : मिनिटाला एकशे चार. विश्रांतीच्या वेळी ती बहात्तर असते.

अपुऱ्या प्रकाशात केलेल्या निरीक्षणात दोष राहण्याचा संभव असल्यामुळे तपासणी सकाळपर्यंत स्थगित करावी, असे मी ठरवले. हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिले. वनजाने ते ऐकून घेतले आणि विचारले, "मग घामाने सदरा का भिजलाय?" सायकल चालवून, असे मी म्हणालो. सकाळी बटण बंद होते, बॅटरी मेली होती आणि आत मल्लिगेचा वास होता.

सहावा शुक्रवारही असाच गेला. मोहल्ल्याने आता एक दिशा धरली होती. अहेव गेलेली, लेकराविना गेलेली बाई आपल्या मोटारीत येऊन बसते. ज्या घरी बाळ यायचे आहे त्याच घरी ती आली आहे. ती काय मागते आहे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. हे माझ्यासमोर कोणी बोलले नाही. पण वनजासमोर बोलले. त्यानंतर ती खोलीचे भिंतीकडचे अंथरूण हलवून दाराशी झोपू लागली, आणि एके दुपारी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मला त्या मोटारीतून नेऊ नका. जटकाच आणा. ओसरी चालेल."

मी तिला सांगितले की सातव्या शुक्रवारी मी मंडळाच्या बैठकीस जाणार नाही. अध्यक्षांना मी तसे कळवले. मंडळाच्या इतिहासात चिटणीस गैरहजर राहण्याची ती पहिली वेळ होती.

पंधरा एप्रिल रोजी सायंकाळी सव्वापाचला, घरात कोणासही न सांगता, मी मोटारीच्या मागच्या आसनाखाली पाय ठेवण्याच्या जागेत आडवा झालो आणि अंगावर काळी घोंगडी घेतली. बटण बंद होते. दार मी आतून ओढून घेतले. कुलूप बाहेर कोयंड्यात उघडेच लटकत होते. माझी उंची पाच फूट दहा इंच असून ती जागा चार फूट दोन इंच आहे. सुमारे सव्वा तास मी माझ्याच गुडघ्यांच्या सहवासात काढला.

फटींतले ऊन पिवळे झाले, मग तांबडे, मग गेले. अंधारात लोखंड थंड होताना बारीक कडकड असा आवाज करते. त्याचे कारण आकुंचन आहे. मी ते कारण मनात अनेकदा म्हटले.

सहा वाजून चोवीस मिनिटांनी मोटारखान्याचे दार करकरले. बांगड्या वाजल्या. मल्लिगेचा वास आला. या वेळी मंद नव्हे, तर ओंजळभर. पुढचे दार उघडले आणि कोणीतरी चालकाच्या आसनाच्या कडेला टेकले. नाडी मोजण्यासाठी हात हलवणे शक्य नव्हते.

मग ती बोलली.

"नागरत्ना, बाई, आले गं."

तो आईचा आवाज होता.

"कुंकू घे. फुलं घे. तू अहेव गेलीस, तुझा मान तुला. माझ्या सुनेच्या वाटेला जाऊ नको. तिला सुखरूप सोडव. आणि माझ्या मुलावर राग धरू नको. तो शिकलेला आहे, पण त्याला कळत काही नाही."

मी त्या क्षणी उठून उभा राहायला हवे होते. परंतु ज्या परिस्थितीत आपल्या आकलनशक्तीविषयी असे विधान नुकतेच झालेले आहे, त्या परिस्थितीत आसनाखालून घोंगडीसकट प्रकट होणे मला प्रशस्त वाटले नाही. मी फटीतून पाहिले. तिच्या हातात निरांजन होते. तिने करंड्यातले मेण अनामिकेवर घेतले आणि रेडिओच्या चकतीच्या मधोमध, त्या तपकिरी बटणावर, लावले. मग त्याच बोटाने कुंकू घेऊन ते मेणावर गोल बसवू लागली. कपाळावरचे कुंकू वाटोळे यावे म्हणून बोट जसे फिरवतात तसे. उजवीकडे. एकदा, दोनदा.

टिक.

आईने हात जोडले, फुले वाहिली, निरांजन घेतले, आणि बाहेर पडून दाराला कुलूप लावले.

मी मनात सेकंद मोजू लागलो. रेडिओतल्या व्हॉल्व्हचे दिवे तापायला अर्धे मिनिट लागते. एकतिसाव्या सेकंदाला अंधारातून बाई गाऊ लागली. कारण ठाऊक असूनही माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, हे नोंदवणे मी कर्तव्य समजतो. मी पुढे वाकून बटण डावीकडे फिरवले. गाणे शब्दाच्या मध्यावर तुटले.

बाहेर एकच कल्लोळ झाला. नेहमीप्रमाणे तिरुमलराव सपत्नीक कुंपणापाशी बसलेले होते, आणि या खेपेस आबाही तलवार घेऊन उभे होते. तिन्हीसांजेला आई निरांजन घेऊन अंगणात फिरे हे रोजचेच असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नव्हते. गाणे तुटलेले त्यांनी ऐकले. मी दारावर थाप मारली.

"दार उघडा," मी म्हणालो.

"अय्यो!" तिरुमलराव ओरडले. "आता चिदंबरय्या पण आला!"

"मी भुजंगराव आहे. दार उघडा."

"भुजंगाचं नाव घेतोय!" आबांचा आवाज घोगरा झाला. "कुणीही पुढे जाऊ नका. भुजंगा बैठकीला गेलाय."

"आबा, मी बैठकीस गेलेलो नाही. कृपया कुलूप काढावे."

"आवाज हुबेहूब काढतात हं ही माणसं," तिरुमलरावांच्या पत्नी म्हणाल्या. "उघडू बेडा, उघडू नका!"

एवढ्यात घरातून निराळीच हाक आली. आईची. "अहो ऐकलंत का, वनजाला कळा लागल्या! चार वाजल्यापासून लागल्यात, सांगितलं नाही पोरीनं!"

डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास दिला होता; तो दोन तासांपूर्वीच संपला होता. मी दाराच्या चिंचेच्या फळ्यांवर दोन्ही मुठींनी आघात करू लागलो. जितका आघात करावा तितके बाहेरचे लोक मागे सरत. मी माझे नाव, पदवी, पदवीचे वर्ष सांगितले. आबांनी तलवार म्यानातून काढल्याचा आवाज मी ओळखला. मग वेगळी पावले ऐकू आली, जड, मध्येच थांबणारी.

"कुलूप काढा," वनजा म्हणाली. तिला बोलताना दम लागत होता.

"पोरी, आत—"

"आत तेच आहेत. कुठलं भूत 'कृपया' म्हणतं? किल्ली द्या, सासूबाई."

कुलूप निघाले. मी घोंगडी, कोळिष्टके आणि केसांत अडकलेली मल्लिगेची फुले यांसह बाहेर आलो. तिरुमलराव खुर्चीसकट उलटे पडले. वनजाने माझ्याकडे पाहिले, खांबाला धरून एक कळ सोसली, आणि म्हणाली, "बोलू नका. चालवा. बेगा, लवकर."

मी कळ दाबली. मोटार सुरू झाली. वनजा मागे आडवी झाली. आई अनवाणी धावत आली आणि दसऱ्यानंतर प्रथमच मोटारीत बसली, वनजाचे डोके मांडीवर घेऊन. आबा पायरीवर उभे राहिले आणि वाटेतल्या प्रत्येक बैलगाडीला नंग्या तलवारीने बाजूला व्हायची आज्ञा देत राहिले. अकरा मिनिटांत आम्ही इस्पितळात होतो. डॉक्टरीणबाईंनी मूल बाहेरून वळवले. सात वाजून पन्नास मिनिटांनी मुलगी झाली. वजन सहा पौंड, दोघी सुखरूप.

ओवरीतल्या बाकावर आई आणि मी बसलो. परिचारिकेने येऊन सर्व ठीक असल्याचे सांगितले तेव्हा आईने पदर डोळ्यांना लावला, मग मला पाहून चटकन काढला.

"तू आत होतास?" तिने विचारले.

"होतो."

"सगळं ऐकलंस?"

"ऐकले. शिकलेला आहे, पण कळत काही नाही, इथपर्यंत."

ती लाजली नाही. "अहेवेचं देणं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून गप्प होते. आणि तुला सांगितलं असतं तर करू दिलं असतंस? दसऱ्याला केवढा ओरडलास."

"पण कुंकू त्याच बटणावर का?"

"मग कुठे? सगळ्या गाडीत तेवढंच तोंड आहे, वाटोळं, पितळी काठाचं. मधोमध कपाळ. आणि भुजंगा, कुंकू लावलं की ती गायची. दर शुक्रवारी, मी दार लावून अंगणात पोचते तोवर गायला लागायची. एकदाच गायली नाही, तू ती पेटी काढून ओसरीवर ठेवलीस त्या दिवशी. मी किती घाबरले, ठाऊक आहे? पुढच्या शुक्रवारी दुप्पट फुलं वाहिली."

तिचे निरीक्षण सहा प्रसंगांचे होते आणि त्यात एक नियंत्रित प्रयोगही होता. पद्धतीच्या दृष्टीने ते माझ्यापेक्षा सरस होते.

"रेडिओ लावला नाही म्हणालीस."

"नाहीच लावला. मी कुंकू लावलं."

"मग सकाळी बटण बंद कसे? आणि कुंकू कुठे जायचे?"

"शिळं कुंकू ठेवतात का? सूर्य उगवायच्या आत ओल्या फडक्यानं उतरवायची. फुलंही काढायची, तुला दिसायला नकोत म्हणून. वास तेवढा राहायचा मेला." तिने हवेत बोट फिरवून दाखवले. "लावताना सव्य, उतरवताना अपसव्य. आमच्याकडची रीतच तशी आहे."

त्या रात्री घरी येऊन मी वहीत पुढील नोंद केली, आणि सोमवारी मनोहररावांच्या अर्जातला रिकामा राहिलेला रकाना तिच्या आधारे भरला. दर शुक्रवारी सुमारे साडेसहा वाजता कुंकू लावताना मेणाने चिकटलेल्या बोटाबरोबर बटण उजवीकडे फिरे आणि रेडिओ मंद आवाजात चालू होई. दर शनिवारी पहाटे साडेपाचला कुंकू उतरवताना तेच बटण डावीकडे फिरे आणि रेडिओ बंद होई. मधले अकरा तास, सात अँपिअरने : सत्त्याहत्तर अँपिअर-तास. उरलेल्या तेरांत मोटार सुरू होत नाही. मी पाचला आणि सहाला तपासत होतो. मोटारीत, बॅटरीत आणि रेडिओत कोणताही दोष नव्हता.